मोकळा वेळ कुणाचा?

संध्याकाळी सहाच्या सुमारास महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत पारावर, एसटी स्टँडजवळच्या टपरीवर, शाळेच्या पटांगणात तरुण मुलं बसलेली असतात. काहींच्या हातात मोबाइल, काही नुसतीच गप्पा मारणारी. त्यांच्याच वयाच्या मुली दिसतात त्या चालताना: क्लासला निघालेल्या, दळण घेऊन येणाऱ्या, धाकट्या भावंडाला घरी नेणाऱ्या. कामाशिवाय थांबलेली मुलगी सहसा दिसत नाही. दिसलीच तर घरापर्यंत निरोप जातो.

मुलगा-मुलगी भेदाबद्दल बोलताना आपण बाहुली आणि बॅट, गुलाबी आणि निळा रंग यांवर बरंच बोलतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वेळेची वाटणी. ती रोज होते आणि तिची सवय झाल्यामुळे कुणाला दिसतही नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. पुरुषांपैकी जे घरकामाला हात लावत होते, त्यांची ९७. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटांचा दिलासा. पण पुरुषांनी ती उचलली असं म्हणावं, तर त्यांचीही ८८ वर आली होती.

या मिनिटांत मुलीचं काय हरवतं? अभ्यास, असं उत्तर पटकन येतं. पण अभ्यासासाठी आता पुष्कळ घरं वेळ देतात, मुली मार्कही भरभरून मिळवतात. हरवतो तो कशासाठीच नसलेला वेळ. आपल्याला काय आवडतं, कुणाशी पटतं, कशाचा राग येतो, हे सतरा-अठराव्या वर्षी असल्याच वेळात उमगत जातं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाईला रस्त्यावर असण्याचं कारण सतत दाखवावं लागतं, हे त्यांनी नेमकं पकडलं आणि विनाकारण रेंगाळण्याचा हक्कच मागितला. मुंबईत ही गत, तर तालुक्याच्या गावाचं काय सांगावं. तिथे मुलीला कॉलेजच्या नाटकात भाग घेता येईल का, हे अनेकदा शेवटची एसटी कितीला सुटते यावर ठरतं. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. त्याने शाळा टिकल्या, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण तालमीनंतर घरी न्यायला गाडीच नसेल, तर तो पास काय करणार?

मग पारावरची मुलं तरी मोकळी आहेत का? मला तसं वाटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, काहींनी घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. लोक हसले, व्हिडिओ फिरले. मात्र त्यांची मागणी हसण्यासारखी मुळीच नव्हती: गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडकपणे राबवा. मुलगी नको म्हणणाऱ्या पिढीची किंमत तिचेच मुलगे मोजत होते. त्यात जिला-तिला नवरा नोकरीवालाच हवा. शेती करणारा, राबणारा मुलगाही या मोजमापात रिकामाच ठरतो. पारावर बसलेल्या पोराला येणारा-जाणारा विचारतो, “काय करतोस सध्या?” दरवर्षी या प्रश्नाची धार वाढत जाते. बाप्या माणसाने कमावलं पाहिजे, हे त्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. भीती वाटते, झोप लागत नाही, हे कुणाला सांगावं, ते मात्र सांगितलेलं नसतं. देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहांत सुमारे सात पुरुष असतात. कारणं अनेक असतात, पण गप्प बसण्याचं हे वळण त्यात कुठेच नाही, असं मी मानू शकत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं. मला ते फार आवडलं. तेव्हा दुसरीत असलेली मुलं आता ऐन पौगंडावस्थेत आहेत. त्यांच्या घरात भाजी कोण निवडतं, हे पुस्तकाने ठरत नाही. “तू ऊठ गं, त्याला अभ्यास आहे,” हे वाक्य अजूनही आयाच म्हणतात, आणि मायेनेच म्हणतात. तोच मुलगा पुढे स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेतो, मेस बंद असली की उपाशी राहतो किंवा वडापाववर दिवस काढतो. स्वतःपुरता भात लावणंही त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. रात्रीची भांडी घरातल्या मुलाने घासावीत, म्हणजे बहिणीला तासभर मिळेल. त्या तासात तिला लगेच क्लास लावू नये. गावच्या अभ्यासिकेत आणि व्यायामशाळेत मुलींसाठी संध्याकाळची वेळ राखावी, रस्त्यावरचे दिवे चालू असावेत आणि तालुक्याहून उशिराची एक एसटी सुटावी. भांडी घासून तो मुलगा पाराकडे निघाला, तर बहिणीलाही त्याच्याबरोबर किंवा मैत्रिणींबरोबर बाहेर पडता यावं, आणि परतल्यावर कुठे होतीस, असं कुणी दारात विचारू नये.