न दिसणाऱ्या आट्यांची पूजा

खंडेनवमीला राधानगरीच्या गॅरेजमध्येही पाने, जॅक, हातोडे धुऊन-पुसून मांडले जातात. हळदकुंकू वाहिलं जातं, झेंडू चढतो. पावसाळाभर फोंडा घाटाच्या चढ-उतारांनी हैराण झालेल्या गाड्या मात्र दसऱ्यानंतर तिथेच येतात. हत्यार पूजलं, पण त्या हत्यारानं जे काम करायचं, ते पूजेत येतं का?

सावता माळ्यांनी मळ्यात आणि गोरोबाकाकांनी चिखल तुडवताना विठ्ठल पाहिला. भक्ती कामातच असेल, तर ज्या वस्तूला हात लावायचा तिचा स्वभाव ओळखणं हाही भक्तीचाच भाग ठरतो. निव्वळ शुद्ध हेतू तिथे पुरत नाही.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा बोल्ट घ्या. आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच या ताणात उतरतो, उरलेला घर्षणात जिरतो. गंज धरू नये म्हणून कुणी आपुलकीनं आट्यांना ग्रीस लावतो आणि कोरड्या आट्यांसाठी सांगितलेल्या टॉर्कनेच आवळतो. घर्षण घटलेलं असल्यानं बोल्ट सोसेल त्याहून जास्त ताणला जातो. हेतू चांगला, कर्म घातक.

स्प्रिंग वायसरवरचा विश्वासही असाच. तो घातला की नट सुटत नाही, असं पिढ्यानपिढ्या मानलं गेलं. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं 1969 मध्ये दाखवून दिलं, की आडव्या हादऱ्यांनी जोडाचे भाग एकमेकांवर सरकू लागले की नट आपोआप फिरून सैल होतो. असं सैल होणं स्प्रिंग वायसर फारसं रोखू शकत नाही. पुरेसा ताण किंवा एकमेकांत अडकणाऱ्या पाचरी वायसरांची जोडी अधिक भरवशाची. श्रद्धेनं परीक्षेला घाबरू नये, हे इथे लोखंडच सांगतं.

बंध आणि मोकळीक हा तर तत्त्वज्ञानाचा जुनाच प्रश्न. नट सुटू नये म्हणून आट्यांवर लावायचं लाल द्रव्य इतकं घट्ट धरतं, की सोडवायला बहुधा उष्णता द्यावी लागते. निळं हादऱ्यात टिकतं आणि साध्या पान्यानं सुटतं. पुन्हा उघडावा लागणाऱ्या जोडाला निळं निवडणारा माणूस पुढे कधीतरी गाडीखाली झोपणाऱ्या अनोळखी कारागिराचाही विचार करत असतो.

फळाची आस सोडणं म्हणजे परिणामाबद्दल बेफिकीर होणं, असा सोयीचा अर्थ अनेकदा लावला जातो. राधानगरीचं धरण त्याला उत्तर देतं. शाहू महाराजांनी ते उभारायला घेतलं. 1922 मध्ये ते गेले आणि काम स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. भरलेला तलाव त्यांना दिसला नाही, तरी पाया कच्चा ठेवून चालणार नव्हतं.

गॅरेजमध्येही तेच. लोअर आर्मच्या रबरी बुशाचा बोल्ट चाकं लोंबकळत असताना पुरता आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून जाणता कारागीर आधी नट हातानं बसवतो, जॅक उतरवतो, गाडीचा भार चाकांवर येऊ देतो, आणि मगच तिच्याखाली सरकून शेवटचा पाना फिरवतो.