निरीक्षणाचा रकाना कोरा आहे तुझा

बस खाली. तो कागदांचा गठ्ठा आधी बाजूला ठेव.

अर्धा तास झाला, तू मला आजारांची नावं ऐकवतो आहेस. पार्किन्सन, अल्झायमर, मोटर न्यूरॉन, मेंदूतली गाठ. आणि वर म्हणतोस, ‘बाई, यातलं कुठलं असेल?’ मी विज्ञानाची शिक्षिका, डॉक्टर नव्हे. पण मी जे शिकवलं ते तरी तुझ्या डोक्यात उरलंय का? आठवीत प्रयोगवहीत निरीक्षणाचा रकाना कोरा सोडून तू थेट अनुमान लिहायचास, शेजारच्याचं बघून. वही परत केली होती तुझी. आज पंचेचाळिशी उलटली, तरी तेच करतो आहेस.

आता उत्तर दे. आबांचा कुठला हात थरथरतो? मांडीवर निवांत असताना, की कप उचलताना? कधीपासून? रोज कुठल्या गोळ्या घेतात? नाही ना सांगता येत! जगभरचं वाचून काढलंस आणि घरातला माणूस वाचला नाहीस. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

परवा मी तुमच्या ओट्यावर पंधरा मिनिटं बसले होते. आबांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि तंबाखू मळावी तसे अंगठा नि बोट एकमेकांवर फिरत होते. चहाचा कप उचलला, थरथर थांबली. कप ठेवला, पुन्हा सुरू. आत जायला उठले तेव्हा डावा हात चालीबरोबर हलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. उंबऱ्याशी पाय क्षणभर खिळले. वळायला सात-आठ बारीक पावलं लागली. आणि तेवढ्यात आतून तुझा आवाज आला, ‘आबा, जरा मोठ्यानं बोला की! पाय उचलून चाला की!’

लाज वाटली मला. अरे, पार्किन्सनच्या आजारात आवाज आपोआप खाली जातो, बोलणाऱ्याला तो नेहमीसारखाच वाटतो. चेहऱ्याचे स्नायू आखडतात, म्हणून माणूस रुसल्यासारखा दिसतो. तू त्याला हट्ट म्हणतोस. मुलं अशी ओरडायला लागली की म्हातारी माणसं बोलणंच सोडून देतात.

आईला तरी विचारलंस? तिनं मला सांगितलं, चार वर्षांपासून ते झोपेत ओरडतात, हात-पाय झाडतात. एकदा तिच्या तोंडावर फटका बसला, तेव्हापासून ती खाली अंथरूण घालते. दूध करपलं तरी त्यांना वास येत नाही. पोट साफ होत नाही. झोपेतली झटापट, वास जाणं, बद्धकोष्ठता ही कंपाच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकणारी लक्षणं आहेत. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि हात थरथरू लागतो तोवर त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. ही सगळी लक्षणं तुझ्या आईनं पाहिली होती. तिला विचारायला तुला फुरसत नव्हती.

ज्या जेम्स पार्किन्सनचं नाव तू मघापासून घेतो आहेस, त्यानं 1817 साली लंडनमध्ये या आजारावर निबंध लिहिला. जेमतेम सहा माणसांवरून. त्यातले काही त्याला रस्त्यात भेटलेले, एकाला तर त्यानं लांबूनच पाहिलेलं. एमआरआय नव्हता, रक्ततपासणी नव्हती. तरी ते वर्णन दोनशे वर्षं टिकलं, कारण त्यानं माणसाकडे नीट पाहिलं. तुझे वडील तर तुझ्यासमोर रोज जेवायला बसतात.

आता मी इतकं बोलले म्हणून ‘बाईंनीच सांगितलं, पार्किन्सन आहे’ असं गावभर करू नकोस. मी निरीक्षण सांगितलं. अनुमान काढायचा अधिकार न्यूरॉलॉजिस्टचा, तुझाही नाही नि माझाही नाही. सगळे कंप सारखे नसतात. एखादा कंप काम करताना वाढतो, तो आजार वेगळा. डोक्यात पाणी साठलं तरी चाल बिघडते. थायरॉइड, बी-12, जुना डोक्याचा मार, सगळं बघावं लागतं. आणि चक्कर येऊ नये म्हणून घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, ॲसिडिटीच्या गोळीत दडलेलं लेव्होसल्पिराइड, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, यांनीही हुबेहूब अशीच लक्षणं येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती औषधं थांबवली की पुष्कळांची लक्षणं उतरतातही. म्हणून घरातल्या झाडून सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ने. मनानं मात्र एकही बंद करू नकोस.

आणि ते खाजकुइलीचं चूर्ण कुणी आणायला सांगितलं तुला? आयुर्वेदात कंपवातावर ती पूर्वापार आहे हे खरं. तिच्यात लेव्होडोपा असतं, म्हणजे याच आजारावर डॉक्टर देतात ते औषध. म्हणूनच चमच्याच्या अंदाजानं द्यायचं नसतं. उद्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि इकडे चूर्ण चालूच राहिलं, तर मात्रा कोण मोजणार?

‘बरा न होणारा आजार’ एवढं वाचून हातपाय गाळून बसलास. पुढचं का नाही वाचलंस? आजार थांबवता येत नाही, पण गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या, व्यायाम नेटानं चालू ठेवला, तर कितीतरी वर्षं माणूस आपलं आपण करतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरची माणसं एकत्र भेटतात. निदान झालंच, तर आबांना तिथे ने.

आता शेवटचं, आणि हे नीट ऐक. मी आल्या आल्या तू माझ्या कानात म्हणालास, ‘आबांना काही कळू देऊ नका.’ अरे, ज्याच्या अंगात घडतंय त्याला कळत नाही होय? तू आत गेल्यावर त्यांनी मला कॅलेंडरची जुनी पानं दाखवली. मागच्या कोऱ्या बाजूवर ओळीनं स्वतःच्या सह्या. पहिली सही ठसठशीत, चौथी बारीक, दहावी मुंगीएवढी. पेन्शनच्या स्लिपवरची सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत आले होते. तेव्हापासून घर झोपलं की बसून सराव करतात. पतसंस्थेत तीस वर्षं ज्यांच्या सहीवर लोकांचे पैसे हलले, ते आबा रात्री दिव्याखाली आपलंच नाव गिरवतात. मला म्हणाले, ‘बाई, पोराला सांगू नका, काळजी करेल.’

तुम्ही दोघं एकमेकांपासून लपवताय आणि दिवस चाललेत.

ही घे वही. दोन रकाने आखून दिलेत. निरीक्षणाचा तू भरायचास: काय, कुठल्या बाजूला, कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी. आबांची परवानगी घेऊन चालण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ. ती पानंही सोबत घे, डॉक्टरांना ती फार उपयोगी पडतील. अनुमानाचा रकाना कोरा राहू दे. आणि दवाखान्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आबांना देऊ दे. हळू बोलतील, वेळ लागेल. तू थांबायचंस.

शनिवारी वही तपासणार आहे मी. पहिली ओळ आबांना विचारून लिही, त्यांच्याच शब्दांत. ऊठ आता, ते ओट्यावर एकटेच बसलेत.