विषूच्या पहाटे दिसणारा चेहरा

घरात सुंदर, कलाकुसरीचा आरसा लावणे म्हणजे स्वतःच्या रूपाचे कौतुक, असे आपल्याकडे सरसकट मानले जाते. मग पूजेच्या राजोपचारांत छत्र-चामरांबरोबर देवाला दर्पण का दाखवतात? आणि केरळात विषू या नववर्षाच्या सणाच्या पहाटे, डोळे मिटून आणलेल्या माणसाच्या पहिल्या दर्शनात आरसा का असतो? आरसा अहंकार पोसतो ही समजूत मला अपुरी वाटते. एरवी आपण जगाकडे पाहणारे असतो. आरसा आपल्याला पाहिल्या जाणाऱ्यांत नेऊन बसवतो. विषूच्या त्या पहिल्या दर्शनाची, म्हणजे विषुक्कणीची, मांडणीच पाहा: तांदूळ, पिवळीधमक काकडी, बहाव्याचे घोस, नाणी, कृष्णाची मूर्ती, तेवता दिवा आणि त्यांच्यामध्ये आरसा. डोळे उघडणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो तो काकडीच्या आणि फुलांच्या पंगतीत, त्यांच्यातलाच एक म्हणून. अशा जागी रूपाचा गर्व करायला फारसा वाव उरत नाही.

पंपा नदीकाठच्या आरन्मुळा गावचा आरसा या परंपरेत विशेष मानाचा. तो काचेचा नसतो. तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू मातीच्या साच्यात ओतून चकती काढतात आणि ती दिवसच्या दिवस घासून उजळतात. कथील जवळपास एक तृतीयांश असते. त्यामुळे धातूला लख्ख झळाळी येते, पण तो ठिसूळही होतो. काचेच्या आरशात मुलामा मागच्या बाजूला असतो, म्हणून बोट टेकवले की बोट आणि प्रतिबिंब यांच्यात काचेच्या जाडीमुळे फट दिसते. आरन्मुळ्याच्या आरशात बोट प्रतिबिंबाला थेट भिडते. ही केवळ कारागिरीची कमाल म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. पाहणारा आणि दिसणारा यांच्यात अंतर किती, हा अद्वैताचा जुना प्रश्न तिथे बोटाच्या टोकाशी येऊन उभा राहतो.

यावर वेदान्ती म्हणेल, प्रतिबिंब मुळातच मिथ्या. त्याला दर्शनात स्थान कशाला? पण ज्ञानेश्वरांनी चांगदेवपासष्टीत, ६५ ओव्यांच्या त्या पत्रात, आरशाचाच दाखला घेतला आहे. आरसा नसला तरी मुख असतेच. तो समोर आला की एकाच मुखाचे पाहणारे आणि पाहिले जाणारे असे दोन भाग भासू लागतात. म्हणजे खोटा असतो तो दुजेपणा, चेहरा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आरशापुढे हात जोडणे म्हणजे अखेर स्वतःचीच पूजा नव्हे का? त्याचे उत्तर मला केरळातले संत आणि समाजसुधारक नारायण गुरू यांच्या कृतीत सापडते. १८८८ मध्ये अरुविप्पुरम येथे शिवलिंगाची प्रतिष्ठापना करणाऱ्या गुरूंनी १९२७ मध्ये चेर्तलाजवळच्या कळवंकोड येथे आरशाची प्रतिष्ठापना केली. ते ज्या एळव समाजात जन्मले, त्याला सवर्णांच्या देवळांत प्रवेश नव्हता; त्रावणकोरची मंदिरप्रवेशाची घोषणा १९३६ सालची. ज्याची सावलीही विटाळ मानली जाई, त्याचा चेहरा इथे देवाच्या जागी दिसू लागला. आरशाने एकच चेहरा धरून ठेवला असता, तर ती स्वपूजा ठरली असती. पण एक बाजूला झाला की त्याच जागी पुढच्याचा चेहरा येतो, मग तो कोणत्याही जातीचा असो, आणि पहिल्याने ज्याला हात जोडले त्यालाच दुसरा हात जोडतो. शिवाय त्या आरशावर ‘ओम् शांती’ ही अक्षरे होती. ती डोळ्यांआड करून नुसते आपले तोंड पाहण्याची सोय गुरूंनी ठेवली नव्हती.