घोड्यावरून ऐकलेली प्रार्थना

आमच्या देवस्थानाची देणगीवही मी लिहितो. पावती फाडताना पैसा कुठून आला हे विचारायची रीत नाही. विचारलं तर पुढच्या खेपेला वही दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल. म्हणून की काय, ज्योर्ज्यो इंतेरियानो या जिनोआच्या गृहस्थाने चेर्केसांविषयी लिहून ठेवलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

चेर्केस म्हणजे काळ्या समुद्राच्या ईशान्येला, कॉकेशसच्या कुशीत राहणारे लोक. इंतेरियानोचं छोटंसं पुस्तक व्हेनिसमध्ये १५०२ साली छापलं गेलं. तेव्हा हे लोक ख्रिस्ती म्हणवत. त्यांचे पुरोहित ग्रीक शब्द म्हणत, पण अर्थ त्यांनाही कळत नसे. तिथले सरदार म्हणे साठीपर्यंत चर्चमध्ये पाऊल टाकत नसत. आपण लुटीवर जगतो, आत गेलो तर देवाची जागा बाटेल, ही समजूत. तोवर उपासना ऐकायची ती दाराबाहेरून, आणि तीही घोड्यावर बसून. साठी उलटली की लूट सोडायची आणि मग आत जायचं.

यात लाज आहे, हे नाकारता येणार नाही. आमच्या वहीतल्या कितीतरी नावांपाशी तेवढीही नसावी.

पण हा सरदार कोण होता ते पाहा. सरदारकी जन्माने यायची. सर्वांत वर प्शी, म्हणजे राजे; त्यांच्याखाली वर्क, म्हणजे सरदार; मग मोकळे शेतकरी आणि तळाशी वेठीची माणसं व गुलाम. सरदाराने व्यापाराला हात लावायचा नाही, लुटीचा माल विकणं तेवढं चालायचं. राज्य करावं, रयत सांभाळावी, शिकार करावी, एवढंच त्याचं काम. औदार्य मात्र अफाट. नवा किरमिजी रेशमी सदरा अंगावर चढतो न चढतो तोच कुणीतरी मागायचं, आणि हा तो उतरवून द्यायचा. त्यामुळे धनी रयतेपेक्षा फाटका दिसे. मागितलं तर काहीही मिळे, दोन गोष्टी सोडून: घोडा आणि हत्यारं.

माझ्या मते सगळा निवाडा इथे आहे. ज्याच्या जोरावर लूट होते, तेवढंच त्याने हातचं राखलं. सदरा देऊन काय बिघडतं? उद्या दुसऱ्या गावावर घोडा घातला की दहा सदरे येतात. चर्चच्या दारातही तो त्याच घोड्यावर बसून असे. चर्चचं सोवळं टिकलं, सरदाराची लूटही टिकली. ज्या शेतकऱ्याची गुरं आणि पोरं पळवली गेली, त्याला या लाजेचा काडीचाही उपयोग झाला नाही.

ती पोरं विकली जात. क्रिमियातलं काफा हे बंदर १४७५ पर्यंत जिनोआकरांच्या ताब्यात होतं, आणि तिथे गुलामांचा बाजार भरे. विकत घेणारा व्यापारी मात्र कुठल्याही वयात खुशाल चर्चमध्ये जाई! इंतेरियानो त्यांच्याच गावचा; चेर्केस सरदाराचं त्याला नवल वाटलं यात नवल नाही.

विकलेल्यांपैकी काही कैरोला पोचले आणि तिथे उलटंच घडलं. मायदेशी ज्या जन्मावर सत्ता मिळे, तो इथे कुचकामी. तिथे राज्य होतं मामलुकांचं, म्हणजे गुलाम-सैनिकांचं, आणि मामलुक व्हायला आधी गुलाम म्हणून विकलं जावं लागे. बर्कूक असा विकत आलेला चेर्केस, १३८२ साली सुलतान झाला. पुढचा एक सुलतान कायतबायही तसाच. त्याने सैन्यासाठी जबर वसुली केली आणि देखण्या मशिदीही बांधल्या. त्यांतल्या कैरोच्या एका मशिदीचं चित्र इजिप्तच्या एक पौंडाच्या नोटेवर आहे. दाराबाहेर थांबायचा प्रश्नच उरला नाही, दारच त्याच्या मालकीचं. (१५०८ साली आपल्या चौलपाशी पोर्तुगिजांशी लढलेलं आरमार धाडणारा सुलतान कान्सूह अल-घौरी, तोही चेर्केसच.)

तिकडे मायदेशी, सरदार साठीचा होईल याची वाट शेवटी त्याच्या रयतेनेही पाहिली नाही. अठराव्या शतकात शाप्सुग या चेर्केस टोळीच्या शेतकऱ्यांनी आपल्या सरदारांना हुसकावलं. सरदार बझेदुग या दुसऱ्या चेर्केस टोळीच्या राजांच्या आश्रयाला गेले, राजांनी रशियाकडून कोसॅक सैनिक आणि तोफा मागवल्या, आणि १७९६ साली बझियुकच्या लढाईत शेतकरी हरले. जुने हक्क मात्र शाप्सुगांमध्ये सरदारांना पुन्हा मिळाले नाहीत.