ओल

सकाळी ओट्यापाशी गेले की आधी पुरचुंडी चाचपून बघते. परवा रात्री मटकी भिजवली. काल रोळीत निथळली आणि जुन्या पंच्याच्या फडक्यात बांधून ठेवली. फडकं ओलं हवं, पण पिळलं तर थेंब पडू नये, इतकंच ओलं. आज बोटांना काहीतरी टोचल्यासारखं लागलं. मोड फुटायला लागले होते.

बाहेर मरोळला जाग येत होती. एक सर नुकतीच पडून गेली होती. तेवढ्यात इमारतीवरून विमान गेलं आणि खिडकीची काच थरथरली. इथं राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण आज पुरचुंडी हातात होती आणि वरून विमान गेलं, म्हणून मला लोणावळ्याची ती शेड आठवली.

लेक तेव्हा सातवीत होती. कुठल्याशा पुस्तकात तिनं ट्राउट माशांचं उबवणी केंद्र पाहिलं आणि हट्ट धरला, आपण बघायला जाऊ या. ट्राउटला थंडगार पाणी लागतं. इंग्रजांच्या काळात तो विलायतेहून काश्मीरला आणला. पहिली खेप वाटेतच मेली, १९०० साली आलेली दुसरी तगली. काश्मीर आमच्या रजेतही बसत नव्हतं आणि खिशातही. मग ओळखीतून परवानगी मिळवली आणि ऑगस्टमधल्या एका सकाळी आम्ही चौघं लोणावळ्याजवळ वळवणला पोचलो. टाटा पॉवरचं महाशीर माशाचं केंद्र तिथं आहे. ज्या तलावांच्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीला वीज होते, त्यांतल्याच एकाच्या काठी.

महाशीर हा आपल्या नद्यांचा मासा. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत सापडलेल्या महाशीराची कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये शास्त्रीय नोंद केली. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि वरच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. धरण आलं की ही वाट अडते. म्हणून त्याच्यासाठी माणसांना हात भिजवावे लागतात.

सासूबाईंचं माहेर महाडकडचं. टाकीतले मोठ्या खवल्यांचे मासे बघून त्या म्हणाल्या, "हे तर आमच्या वाळणकोंडीतले देवाचे मासे!" तिथं वरदायिनीच्या डोहातल्या माशांना कुणी हात लावत नाही. दाखवणारे काका हसले. "हो आजी, तेही महाशीरच." मग त्या टाकीसमोर क्षणभर हात जोडून उभ्या राहिल्या. लेकीला हसू आवरेना.

आत शेडमध्ये वाहत्या पाण्यात तबकं ठेवलेली होती. तबकांत अंडी. न भिजवलेल्या साबुदाण्याएवढी, फिकट लिंबाच्या रंगाची. नराचं आणि मादीचं पोट हलक्या हातानं दाबून बीज आणि अंडी कोरड्या भांड्यात कशी घेतात, पिसानं कशी एकत्र करतात, ते काकांनी सांगितलं. मेलेलं अंडं पांढरं पडतं, ते वेचून काढावं लागतं. नाहीतर बुरशी शेजारच्यांनाही धरते. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी बांधलेलीच असते. पुढचे काही दिवस ती कोपऱ्यात डोकं खुपसून पडून राहतात. शेपट्या तेवढ्या हलत असतात. त्या दिवसांत त्यांना खाऊ घालायचं नसतं. जवळची शिदोरी संपली की ती आपणहून वर येतात.

"आता एक गंमत सांगतो," काका म्हणाले. "ही अंडी दूरच्या गावाला पाठवायची तर कशी पाठवाल?"

"पाण्याच्या पिशवीतून," लेक म्हणाली.

"पाण्यात नाही. ओल्या कापसात."

आम्हाला ते खरं वाटेना. माशाची अंडी, आणि पाण्यावाचून? पण तसंच आहे. मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महाशीराची फळलेली अंडी ओलसर कापसात ठेवून विमानानं पाठवली. १९७९ मध्ये त्यावर त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कारण ऐकलं तर साधं. अंडंसुद्धा श्वास घेतं. बंद पिशवीतल्या साचलेल्या पाण्यातली हवा हळूहळू संपते. ओल्या कापसात अंडं सुकत नाही आणि त्याला हवाही मिळत राहते. मुक्कामी पोचल्यावर पुन्हा वाहत्या पाण्यात सोडायचं.

नवरा आणि मी आश्चर्य करत होतो. मरोळच्या विमानांखाली वाढलेली लेक विचारत होती, कुठलं विमान? सासूबाईंना मात्र त्यात नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "मोड आणायचे तसंच की हो! पाण्यात ठेवली तर मटकी कुजेल."

काका थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे आजी. अगदी तसंच."

पाण्याला आपण जीवन म्हणतो. शाळेत समानार्थी शब्द म्हणून पाठ केलेलं असतं. मिठी नदी आमच्याच भागातून वाहते. विहार आणि पवईचं ओसंडलेलं पाणी घेऊन आरेच्या झाडीतून येते. एरवी तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिच्या काठच्या माणसांनी जीवनाचा दुसरा अर्थ पाहिला. तेव्हापासून जुलैत पाऊस चढला की इथली माणसं खिडकीशी येऊन उभी राहतात. शब्द तोच असतो, पाणीही तेच असतं. फरक फक्त किती, याचा असतो.

भिजवणं आणि बुडवणं यांत अंतर फार नाही. एका फडक्याचं आहे.

लेक जूनमध्ये शिकायला बंगळूरला गेली. पहिला महिनाभर मी दिवसाला पाच-सहा फोन करत होते. उठलीस का, जेवलीस का, छत्री घेतलीस का. ती उत्तरं द्यायची. पुढं पुढं ती उत्तरं छोटी होत गेली. हो. नाही. हं. तिला माझा कंटाळा आला असं मी नवऱ्याजवळ म्हणाले. तो काही बोलला नाही.

सासूबाई तिला रविवारी एकदा फोन करतात. "बरी आहेस ना? बरं." एवढं झालं की गप्प बसतात. फोन कानाशीच असतो. पलीकडून काही येईतो त्या वाट बघतात. मेसमधल्या भांडणाचं, वर्गातल्या एका मुलीचं, रात्री झोप न येण्याचं, सगळं मला सासूबाईंकडून कळतं. मी विचारलेलं नसतं असं नाही. मी फार विचारलेलं असतं.

त्या कोपऱ्यातल्या पिल्लांची आठवण मला अलीकडे अधूनमधून येते. डोकं खुपसून पडलेली. बघणाऱ्याला वाटावं, यांना काहीतरी द्यायला हवं.

मघाशी पुरचुंडी खाली ठेवली तेव्हा माझा हात सवयीनं फोनकडे गेला होता. साडेसहा वाजले होते. तिकडे ती झोपलेली असणार.

सासूबाई आत आल्या. फडक्याची गाठ सोडून त्यांनी मटकी बघितली. दोन दाणे तोंडात टाकले. "आजचा दिवस राहू दे," म्हणाल्या. "अजून आखूड आहेत."

वाटीत बोटं बुडवून त्यांनी फडक्यावर पाणी शिंपडलं. ओतलं नाही. मग गाठ बांधली, पुरचुंडी पातेल्यात ठेवली आणि वर झाकण घातलं. ते मात्र जरासं तिरकं ठेवलं, हवा जायला.