अमोनिया कुठे गेला?

चि. सोनूस,


तुझी फाइल उघडून ओळ न् ओळ पाहिली. विहिरीच्या पाण्यात तू लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट आणि २ मिलिग्रॅम अमोनिया भरलास, पुढे कॅल्साइट विरघळवलंस, आणि अमोनिया शून्यावर आला. प्रोग्रॅम बिघडलाय का, असं विचारतोस. बिघडलेला नाही.

पाण्याचा नमुना नुसता लिहून ठेवलास, तर फ्रीक्सी, म्हणजे तुझा हा प्रोग्रॅम, नायट्रेट आणि अमोनिया तू दिले तसेच वेगळे ठेवतो. पण त्यानंतर कुठलीही अभिक्रिया करायला लावलीस, अगदी साधी कॅल्साइटची का असेना, की तो ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या सगळ्या जोड्या एकदम समतोलाला नेतो. अमोनियाकडचे इलेक्ट्रॉन नायट्रेटने घेतले आणि दोघांचा मिळून नायट्रोजन वायू झाला. याला किती दिवस लागतील, हे तू सांगितलं नाहीस आणि प्रोग्रॅमनेही विचारलं नाही.

पण म्हणून त्याचं उत्तर खोटं समजू नकोस. एंगेलबर्ट ब्रोडा नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९७७ साली निव्वळ ऊर्जेच्या हिशोबावरून लिहिलं होतं, की अमोनियाची अशी अभिक्रिया करून जगणारे जीवाणू निसर्गात असायला हवेत. तेव्हा ते कुणी पाहिलेले नव्हते. १९९०च्या दशकात ते नेदरलँड्समध्ये सांडपाण्याच्या संयंत्रात सापडले. हिशोब शक्यता सांगतो. तुझ्या विहिरीत ते घडतंय का, हे विहिरीलाच विचारावं लागतं.

वेगाचंच बघ. आजोळच्या हातपंपाचं पाणी आठवतं? भरताना निवळशंख, आणि संध्याकाळी कळशीच्या तळाशी तांबडा गाळ. विरघळलेलं फेरस लोह हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक झालं आणि खाली बसलं. उदासीन पाण्यात पीएच एकाने वाढला की या बदलाचा वेग सुमारे शंभर पट होतो. तेच लोह खाणीच्या आम्लधर्मी पाण्यात, पीएच ३ला, जीवाणूंची मदत नसेल तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. समतोलाच्या गणितात हा फरक कुठेच दिसत नाही. जिथे वेळ महत्त्वाचा, तिथे वेगाचं समीकरण तुलाच लिहून द्यावं लागेल.

आता तुझी खरी चूक. ऑक्सिडीकरण-क्षपणाचं विभव मोजणाऱ्या मीटरवर ४० मिलिव्होल्ट आले, ते तू ५९ने भागून पीई (तेच विभव, इलेक्ट्रॉनच्या मोजपट्टीवर) ०.७ भरलास. तुझ्या मीटरचा संदर्भ इलेक्ट्रोड सिल्व्हर क्लोराइडचा आहे, हायड्रोजनचा नाही. आधी सुमारे २०० मिळवावे लागतात. मग पीई ४च्या वर जातो, म्हणजे पाण्याची सगळी गोष्टच बदलते. आणि तो दुरुस्त आकडासुद्धा डोळे मिटून मानू नकोस. लिंडबर्ग आणि रनेल्स यांनी १९८४ साली 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की भूजलातल्या वेगवेगळ्या जोड्यांवरून काढलेले विभव एकमेकांशी जुळत नाहीत आणि मीटरशीही जुळत नाहीत. मी स्वतः पीईच्या एका आकड्यापेक्षा मोजलेल्या फेरसवर आणि विरघळलेल्या ऑक्सिजनवर जास्त विसंबते.

फ्रीक्सीसोबत 'अॅम डॉट डॅट' हा डेटाबेस येतो. त्यात अमोनिया नायट्रोजनपासून तोडलेला आहे, त्यामुळे तो नायट्रेटच्या वाटेला जात नाही. तो घेऊन फाइल पुन्हा चालव. शनिवारी विहिरीवर जाशील तेव्हा ऑक्सिजन काठावरच मोज, बाटली घरी आणून नको. दोन्ही निकाल मला पाठव, मी वाट पाहते.

तुझी,
मावशी