मुहाजिरांची संपत्ती, मुहाजिरांचे दारिद्र्य आणि आपला निवाडा



दिव्य कुरआनच्या सूरह अल-फज्रमध्ये (आयत १५ ते १८) अल्लाहने मानवी स्वभावाचा एक जुना दोष उघड केला आहे. सुबत्ता लाभली की मनुष्याला वाटते, आपल्या पालनकर्त्याने आपला गौरव केला. रोजी तंग झाली की त्याला वाटते, पालनकर्त्याने आपल्याला हलके लेखले. या दोन्ही समजुती अल्लाह तिथल्या तिथे नाकारतो आणि चर्चेचा रोख एकदम बदलतो. अनाथाचा मान तुम्ही राखता काय, गरिबाच्या मुखी घास जावा म्हणून एकमेकांना प्रवृत्त करता काय, हा खरा प्रश्न आहे, असे तो बजावतो. म्हणजे संपत्ती ही प्रतिष्ठेची पावती नाही आणि दारिद्र्य हा अपमानाचा दाखलाही नाही. दोन्ही परीक्षा आहेत.

व्यक्तीच्या बाबतीत ही शिकवण आपण सहज मान्य करतो. समाजांच्या बाबतीत मात्र ती विसरतो. अमुक लोक पुढे गेले, कारण ते मुळातच हुशार. तमुक मागे राहिले, कारण ते मुळातच आळशी, असे निवाडे आपल्या बैठकांतही होत असतात. असाच एक निवाडा वारंवार कानी येतो. अमेरिकेतील अरब डॉक्टर, अभियंते आणि व्यापारी झाले; मग हॉलंड, बेल्जियम, फ्रान्समधील मोरोक्कोचे लोक साठ वर्षांनंतरही मागे का? धर्म एक, किब्ला एक, तरीही एवढे अंतर कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर न्यायाने शोधले पाहिजे, कारण अपुऱ्या माहितीवर कोणत्याही समुदायाविषयी मत बनवण्यास सूरह अल-हुजुरातने (आयत ६ व १२) आपल्याला मनाई केली आहे.

प्रथम अमेरिकेकडे पाहू. अरब लोक तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाऊ लागले. ते बहुतांशी उस्मानी साम्राज्यातील सिरिया-लेबनॉनचे होते आणि त्यांच्यात ख्रिस्ती अधिक होते, हेही लक्षात ठेवावे. अनेकांनी पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव फेरीचा व्यापार केला. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवरील त्यांची वस्ती ‘लिट्ल सिरिया’ म्हणून ओळखली जाई. पुढे मिशिगन राज्यात फोर्डच्या मोटार कारखान्यांनी अरब मजुरांना काम दिले आणि डिअरबॉर्न शहरात त्यांची मोठी वस्ती उभी राहिली. १९२४च्या कायद्याने दार जवळजवळ बंद झाले. १९६५च्या कायद्याने ते पुन्हा उघडले, पण आता उंबरठ्यावर शिक्षण आणि व्यावसायिक कौशल्य पाहिले जाऊ लागले. त्यामुळे इजिप्त, लेबनॉन, सिरिया, पॅलेस्टाइन येथील पदवीधर मोठ्या संख्येने गेले. ते शिकलेले होते म्हणूनच त्यांना प्रवेश मिळाला होता.

अमेरिकेच्या २०००च्या जनगणनेतील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. त्या वेळी सुमारे १२ लाख लोकांनी आपला वंश अरब असल्याचे सांगितले. पंचवीस वर्षांवरील अरबांत ४१ टक्के पदवीधर होते. संपूर्ण देशात हे प्रमाण २४ टक्के होते. उत्पन्नाच्या क्रमवारीत अगदी मधोमध असलेल्या अरब कुटुंबाची वार्षिक मिळकत सुमारे ५२,३०० डॉलर, तर देशातील तशाच कुटुंबाची सुमारे ५०,००० डॉलर होती. येथेच थांबलो तर चित्र सुखाचे वाटेल. परंतु त्याच जनगणनेनुसार १७ टक्के अरब दारिद्र्यरेषेखाली होते; देशाचे प्रमाण १२ टक्के होते. म्हणजे मिळकतही अधिक आणि दारिद्र्यही अधिक! कारण ‘अरब’ या एका शब्दाखाली तिसऱ्या पिढीतील लेबनीज व्यापारीही येतो आणि युद्धातून जीव वाचवून आलेला इराकी निर्वासितही. सरासरी आकडा या दुसऱ्याला झाकून टाकतो.

आता मोरोक्कोकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या खाणींना आणि कारखान्यांना हात हवे होते. १९६३ मध्ये पश्चिम जर्मनी व फ्रान्स, १९६४ मध्ये बेल्जियम आणि १९६९ मध्ये नेदरलँड्स या देशांनी मोरोक्कोशी मजूरभरतीचे करार केले. भरती मुख्यतः रिफचा डोंगराळ भाग आणि दक्षिणेकडील खेडी येथून झाली. यातील पुष्कळ लोक वंशाने व भाषेने अरब नव्हेत, तर अमाझिघ, म्हणजे ज्यांना आपण बर्बर म्हणतो ते. कित्येकांनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती. फ्रान्सच्या कोळसा खाणींसाठी निवड करणारे अधिकारी तरुणांना रांगेत उभे करून त्यांचे शरीर तपासत. निवड झालेल्याच्या छातीवर हिरवा शिक्का आणि नाकारलेल्याच्या छातीवर लाल शिक्का मारला जाई, असे त्या मजुरांनी पुढे सांगितले आहे. माणसाचे शिक्षण, त्याची भाषा, त्याची स्वप्ने कोणी विचारली नाहीत. त्याचे मनगट तेवढे पाहिले गेले.

शिवाय हे ‘पाहुणे कामगार’ चार-दोन वर्षांत परत जातील, असा सर्वांचाच समज होता. सरकारला वाटे, यांना भाषा शिकवून काय करायचे? मजुरालाही वाटे, भाषा शिकून काय करायचे, घर तर गावाकडे बांधायचे आहे! मग १९७३चे तेलसंकट आले आणि भरती थांबली. गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या भीतीने लोक तेथेच राहिले आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. पाठोपाठ खाणी, गिरण्या, गोद्या बंद पडू लागल्या. चाळिशी-पन्नाशीतला, अक्षरओळख नसलेला, कष्टाने कंबर गेलेला माणूस अचानक बेकार झाला. त्याची मुले शहरांच्या कडेला असलेल्या गजबजलेल्या वस्त्यांत वाढली. नेदरलँड्समध्ये मोरोक्कन वंशाच्या लोकांतील बेरोजगारी दीर्घकाळ मूळ डच लोकांच्या दुपटीहून अधिक राहिली आहे, ती या इतिहासातून.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा की, हे अंतर रक्ताचे नाही, दरवाजाचे आहे. एका समाजाला पदवी पाहून आत घेतले गेले, दुसऱ्याला मनगट पाहून. अमेरिकेत अरब जेथे कारखान्याच्या दाराने आत आले, तेथे त्यांची कहाणी मोरोक्कनांसारखीच आहे. डिअरबॉर्नमधील येमेनी व इराकी कामगारांची कुटुंबे याची साक्ष देतील. उलट युरोपातही जो शिक्षण घेऊन आला, त्याची वाट वेगळी झाली. जर्मनीत आज परदेशी डॉक्टरांमध्ये सर्वांत मोठा गट सिरियातून आलेल्यांचा आहे. सर्व मानवजात एका स्त्री-पुरुषापासून निर्माण झाली असून श्रेष्ठत्वाची कसोटी केवळ तकवा आहे, ही सूरह अल-हुजुरातची (आयत १३) शिकवण इतिहासाच्या कसोटीवरही अशी उतरते.

दुसरी गोष्ट अन्यायाची. दरवाजा ओलांडल्यावरही सर्वांना समान वागणूक मिळाली नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय रेल्वेने १९७०च्या दशकात सुमारे दोन हजार मोरोक्कन मजूर आणले. रूळ टाकणे, डबे जोडणे अशी जोखमीची कामे त्यांनी केली. परंतु परदेशी असल्यामुळे शेजारी काम करणाऱ्या फ्रेंच कामगाराला लाभणारी बढती, वैद्यकीय सवलत आणि निवृत्तिवेतन त्यांच्या वाट्याला आले नाही. शेवटी आठशेहून अधिक वृद्ध कामगार न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१८ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने रेल्वेला भेदभावाबद्दल दोषी ठरवले. लोक त्यांना ‘शिबानी’ म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे. न्याय मिळेपर्यंत केस पिकले होते! मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी चुकती करण्याची ताकीद देणाऱ्या पैगंबरांच्या (स.) उम्मतीला या एका शब्दातील वेदना कळायला वेळ लागू नये.

फ्रान्समध्येच काही संशोधकांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सेनेगाली आडनाव असलेल्या दोन स्त्रियांचे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. एकीचे नाव ख्रिस्ती होते, दुसरीचे खदीजा. खदीजाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता अडीच पटीने कमी निघाली. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणात हजारो पालकांना खोटेपणाने फसवणूक करणारे ठरवून कर्जात लोटण्यात आले. त्यात मोरोक्कन व तुर्की वंशाची कुटुंबे मोठ्या प्रमाणात होती. जानेवारी २०२१ मध्ये त्या देशाच्या मंत्रिमंडळाला याच कारणासाठी राजीनामा द्यावा लागला. आणि येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी: हा अन्याय उघड केला तोही तेथील पत्रकारांनी, लोकप्रतिनिधींनी आणि न्यायालयांनी. एखाद्या समाजाचा द्वेष करताना न्यायाची वाट सोडू नका, हा सूरह अल-माइदाचा (आयत ८) आदेश आपल्याला दोन्ही बाजूंनी बांधतो.

मग सर्व दोष इतिहासाचा आणि दुसऱ्यांचा, असे म्हणून आपण मोकळे व्हावे काय? नाही. लोक जोवर स्वतःमध्ये बदल घडवत नाहीत तोवर अल्लाह त्यांची स्थिती पालटत नाही, हे सूरह अर-रअदने (आयत ११) सांगितले आहे. मोरोक्कनांच्या पुढच्या पिढीने याचा प्रत्यय दिला. रिफमधील एका खेड्यातील इमामाचा मुलगा अहमद अबूतालिब पंधराव्या वर्षी हॉलंडला आला, भाषा शिकला आणि २००९ ते २०२४ पर्यंत रॉटरडॅमचा महापौर राहिला. मोरोक्कोत जन्मलेल्या खदीजा अरीब डच संसदेच्या सभापती झाल्या. बांधकाम मजुराची कन्या नजात वालो-बेलकासेम २०१४ मध्ये फ्रान्सची शिक्षणमंत्री झाली. मोरोक्कन मुली तर शिक्षणात मुलांच्या पुढे गेल्या आहेत. आणि ज्यांना आपण गरीब म्हणतो, तेच परदेशस्थ मोरोक्कन अलीकडे दरवर्षी शंभर अब्ज दिरहमहून अधिक रक्कम मायदेशी पाठवतात. आईवडिलांच्या औषधाला, बहिणीच्या लग्नाला, गावच्या विहिरीला जाणारा हा पैसा कोणत्या जनगणनेच्या ‘श्रीमंती’त मोजला जातो?

बंधूंनो, रोजीसाठीचे स्थलांतर आणि मदीनेची हिजरत यांचा दर्जा एक नाही. तरीही स्थलांतरित आणि यजमान यांचे नाते कसे असावे, याचा सर्वोत्तम आदर्श मदीनेतच सापडतो. पैगंबरांनी (स.) मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्व जोडले, तेव्हा हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे आपली निम्मी मालमत्ता ठेवली. हजरत अब्दुर्रहमान यांनी त्यांच्या धनात बरकत येण्याची दुआ केली आणि एवढेच विचारले की, बाजार कोठे आहे? पनीर आणि तूप विकून त्यांनी आरंभ केला आणि पुढे ते मदीनेतील मोठे धनिक झाले.

या प्रसंगाचे दोन पाय आहेत. पाहुण्याच्या स्वाभिमानाचे कौतुक आपण नेहमी करतो. पण यजमानाने दार उघडले होते आणि बाजारात परक्याला मज्जाव नव्हता, हे विसरतो. मोरोक्कन मजुराला खाण दाखवली गेली, बाजार नाही. खाण बंद झाल्यावर त्याने जायचे कोठे? ज्याला सअदही भेटले आणि बाजारही सापडला, तो समाज उभा राहिला. हे दोन्ही नसताना एखाद्याला आळशी म्हणणे हे निव्वळ कुभांड होय.

आता स्वतःकडे पाहू या. १९७३च्या ज्या तेलसंकटाने मोरोक्कनांसाठी युरोपचे दार लावले, त्याच तेलाच्या पैशाने आखाताचे दार रत्नागिरी, रायगडच्या तरुणांसाठी सताड उघडले. आपले लोकही करारावर गेले, मनगटाच्या बळावर गेले आणि ‘दोन वर्षांत परत येऊ’ म्हणत उमर घालवून बसले. म्हणून जाणाऱ्या मुलाला केवळ तिकिटासाठी कर्ज देऊ नका. भाषा, हुन्नर आणि करारातील अटी वाचण्याची समज देऊन पाठवा. आलेल्या पैशातून घराचा मजला चढवण्यापूर्वी मुलीची फी भरा. जमातीच्या जकातीतून शिलाई यंत्र, गवंड्याची हत्यारे, तांत्रिक शिक्षणाचे शुल्क असा ‘बाजाराचा रस्ता’ दाखवता येतो.

आणि जेथे आपण यजमान आहोत तेथे काय? भिवंडी-मालेगावच्या मागांवर, आपल्या घरांच्या बांधकामावर परप्रांतातून आलेला मजूर आपल्याच सफेत नमाज पढतो. त्याची मजुरी वेळेवर मिळते काय? त्याच्या मुलाला मोहल्ल्यातील शाळेत प्रवेश मिळतो काय? की ‘हा आपल्या जमातीचा नाही’ एवढे म्हणून आपण तोंड फिरवतो? युरोपने मोरोक्कनांशी काय केले, याचा हिशेब युरोप देईल. या मजुराचा हिशेब अल्लाह आपल्याकडे मागणार आहे. काम पुरेपूर करून घेऊन मजुरी बुडवणाऱ्याच्या विरोधात कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, असे पैगंबरांनी (स.) सांगितले आहे.

हे पालनकर्त्या, परमुलखात कष्ट उपसणाऱ्या प्रत्येक माणसाला हलाल रोजी आणि इज्जत दे. आमच्या दाराशी आलेल्याला अन्सारांच्या नजरेने पाहण्याची बुद्धी आम्हाला दे. संपत्तीने आम्हाला उन्मत्त करू नकोस, तंगीने निराश करू नकोस आणि कोणत्याही समाजाविषयी अन्यायाचा शब्द आमच्या जिभेवर येऊ देऊ नकोस. आमीन.